यंत्राचं पान, तुमचे प्रश्न: वीडर मागे येऊनच नाही राहिला

आषाढ संपत आला की या पानावर येणारी पत्रं बदलतात. पेरणीच्या आधी सगळे ट्रॅक्टरचं विचारतात, अन् सोयाबीन वीतभर झालं, पऱ्हाटीत तण माजलं की मग पॉवर वीडर, म्हणजे इंजिनावर पाती फिरवून तण काढणारी, मागून हँडल धरून चालवायची मशीन. सालदार मिळत नाही, निंदणाला बाया मिळत नाहीत, बैलजोडी विकून झाली, म्हणून मशीन घेतली अन् आता तीच धुऱ्यावर उभी आहे, हा सूर जवळपास सगळ्याच पत्रांचा. यावेळच्या गठ्ठ्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न बेल्टचे अन् रिव्हर्सचे निघाले, म्हणून पंप अन् फवारणीवाले थोडे थांबा, तुमचं पुढच्या अंकात. नावं छापत नाही, तालुका तेवढा ठेवला आहे.

प्रश्न: काकाजी नमस्कार. माझ्याकडे सात एचपीचा पेट्रोल वीडर हाय, बेल्टवाला, संत्र्याच्या बगिच्यात चालवतो. पुढे मस्त चालते पण रिव्हर्स टाकला की इंजिन नुसतं ओरडते, मशीन मागे येऊनच नाही राहिली. झाडाजवळ फसली की ओढाले दोन माणसं लागतात. मेकॅनिक म्हणते गिअर बॉक्स खोलावा लागते. खोलू का? (ता. वरूड)

उत्तर: नका खोलू. निदान या आठवड्यात तरी नका. तुमच्या पत्रात अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलं आहे भाऊ, "इंजिन नुसतं ओरडते". इंजिन ओरडते म्हणजे त्याच्यावर लोड येऊनच नाही राहिला, लोड आला असता तर ते दबलं असतं, धुपधुप करून बंद पडलं असतं. म्हणजे ताकद इंजिनापासून पात्यांपर्यंत जाता जाता मधेच कुठंतरी सुटून राहिली, अन् बेल्टच्या मशिनीत सुटायची पहिली जागा बेल्टच.

एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण खालच्या सगळ्याच उत्तरांना ती लागणार आहे. या मशिनीत मोटरसायकलसारखा वेगळा क्लच नसतो. बेल्ट दोन पुल्यांवर सैल पडलेला असतो, तुम्ही लिव्हर दाबली की केबल एक छोटी पुली, आयडलर म्हणतात तिला, बेल्टवर नेऊन दाबते, बेल्ट ताणला जातो, खाचेत घट्ट बसतो अन् खालची पुली फिरायला लागते. लिव्हर सोडली की स्प्रिंग आयडलरला मागे ओढते, बेल्ट पुन्हा सैल. बेल्ट हाच क्लच. त्यामुळे बेल्ट, आयडलर, केबल अन् स्प्रिंग हे चौघं मिळून एक सामान आहे, एकट्या बेल्टकडे पाहून उपयोग नाही.

आता रिव्हर्स. इंजिन बिचारं जन्मभर एकाच दिशेनं फिरते, उलटं फिरवायचं काम मधे कोणाला तरी करावं लागते. काही मशिनीत गिअर बॉक्सवर दांडा असतो, पुढचे एक-दोन गिअर अन् मागचा एक, बेल्ट सगळ्यांना तोच. काहींत दोन बेल्ट अन् दोन लिव्हर असतात, अन् रिव्हर्सच्या बेल्टच्या वाटेत दातांची एक जोडी घातलेली असते, कारण एकमेकांत अडकलेले दोन गिअर एक सुलटा फिरला तर दुसरा उलटाच फिरणार. अन् काहींत रिव्हर्सचा बेल्ट असा वळवून आणलेला असतो की खालच्या पुलीला त्याचं पोट नाही, पाठ लागते. पाठीनं घासत गेला की पुली आपोआप उलटी फिरते. तुमची कोणती आहे ते कव्हर काढून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे, दोन-तीन बोल्ट असतात.

हे पाहायचं कशाला, तर अर्धं निदान तिथंच होते. तुमची मशीन दांड्यावाली असेल तर पुढे चालवणारा अन् मागे आणणारा बेल्ट एकच, पुढे तो नीट ओढते म्हणजे बेल्टवर खापर फोडू नका, दांडा पुरता पडूनच नाही राहिला असं समजा अन् दांड्यापासून बॉक्सपर्यंतचा जोड, त्याची पिन, त्याचा नट पाहा. दोन लिव्हरवाली असेल तर उलट. पुढचा बेल्ट ज्या गिअर बॉक्सला फिरवते त्याच बॉक्सला मागचा बेल्टही फिरवते, पुढे जाताना बॉक्स ठणठणीत असेल तर मागे येताना तो एकाएकी कसा बिघडेल? तुम्ही लिहिलं नाही पण तुमची दोन लिव्हरवालीच असावी असा माझा अंदाज आहे.

करा असं. इंजिन बंद, गार झालेलं, प्लगची टोपी काढून बाजूला. मशीन स्टँडवर किंवा विटांवर घ्या म्हणजे पाती जमिनीला लागणार नाहीत. घरातल्या कोणाला तरी रिव्हर्सची लिव्हर दाबून धरायला सांगा अन् तुम्ही फक्त डोळ्यानं आयडलरकडे पाहा, बोट आत घालायचं नाही. आयडलर हलून बेल्टवर दाबला का? नाही दाबला किंवा अर्धाच आला तर केबल. दाबला, तर आता स्टार्टरची दोरी हळूहळू ओढा. बेल्ट सरकते पण खालची पुली फिरत नाही, तर बेल्ट घसरते. पुली फिरते पण पाती फिरत नाहीत, तर पुलीची चाबी (पुलीला शाफ्टवर अडकवून ठेवणारा लोखंडी तुकडा) तुटली किंवा शाफ्टच्या आतलं काम, अन् दातांची जोडी असेल तर ती. तेव्हा खोला, मी नाही म्हणत नाही.

माझ्या बाकावर आलेल्या अशा मशिनींत बहुतेक वेळा केबलच निघाली आहे. बगिच्यात तर विशेषच, कारण संत्र्याच्या फांद्या केबलमध्ये अडकतात, बाहेरची नळी ब्रॅकेटमधून अर्धी निसटते अन् आतली तार ओढली तरी ती ओढ नळी सरकण्यातच जाते, आयडलरपर्यंत काही पोचत नाही. नळी जागेवर बसवा. मग हँडलजवळ किंवा खाली ब्रॅकेटजवळ आट्यांचा अॅडजस्टर असतो, त्याला जागेवर धरून ठेवणारा चेक नट सैल करा, अॅडजस्टर एक-दोन फेरे बाहेर काढा, लिव्हर दाबून पाहा, पुन्हा एक फेरा, असं. एकदम दहा फेरे नका देऊ. तारेच्या टोकाला लांब स्प्रिंग असेल तर लिव्हर पुरती दाबल्यावर तिचे वेढे थोडे उघडायला पाहिजेत, अजिबात उघडले नाही म्हणजे ताण कमी. जमलं की चेक नट कसून टाका, तो विसरला तर दोन दिवसांत पुन्हा पहिले पाढे.

तार जाम असेल तर वरच्या टोकानं नळीत इंजिन ऑईलचे थेंब सोडा, खालून निघेपर्यंत, पण खाली चिंधी धरा, एक थेंब बेल्टवर पडला तर तुम्ही रिव्हर्स दुरुस्त करायला बसलात अन् फॉरवर्डही घालवून बसाल. पाठीवर चालणारा बेल्ट असेल तर आणखी जपा, त्याची पकड खाचेत रुतणाऱ्या बेल्टएवढी कधीच नसते, थोडं तेल, थोडा चिखल अन् तो घसरलाच.

प्रश्न: बेल्ट घसरते म्हणून राळ लावली तर जमते का? कोणी डांबर सांगते, कोणी गूळ. (ता. आर्वी)

उत्तर: गूळ पोळीसंगं खा. चिकट काहीही लावलं की दहा मिनिटं पकड येते, मग त्याच्यावर धूळ बसते, ती धूळ पुलीला कानशीसारखी घासते. बेल्ट कोरड्या फडक्यानं पुसायचा. तेलकट झाला असेल तर पेट्रोल-रॉकेलनं धुवायचा नाही, रबर फुगते, साबणाच्या पाण्यानं पुसा अन् वाळू द्या.

प्रश्न: दादा, आमच्या बचत गटाच्या वीडरला या हंगामात तिसरा बेल्ट टाकला. पहिला जळाल्यासारखा वास येऊन चमकला, दुसरा पुलीवरून उतरून फाटला, तिसऱ्याच्या एका बाजूचे धागे निघून राहिले. दुकानदार म्हणतो तुमचा माणूस नीट चालवत नाही. काम कपाशीतच असते, काळी जमीन. (ता. राळेगाव)

उत्तर: ताई, दुकानदार अर्धाच खरा बोलून राहिला. तुम्ही तिन्ही बेल्टचं वर्णन इतकं चोख लिहिलं आहे की मला मशीन न पाहताही बरंच दिसते, अन् तीन बेल्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं मेले हे तर सगळ्यात महत्त्वाचं.

पहिला चमकला म्हणजे घसरून तापला. बेल्टच्या दोन्ही तिरप्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या की त्याची पकड गेली. काळ्या जमिनीत हे का होते तर वाफसा यायच्या आधीच मशीन घातली जाते. पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घाई, मलाही व्हायची. ओली काळी माती पात्यांमध्ये अशी भरते की पाती राहत नाहीत, चिखलाचं एक मुसळ फिरते, त्यात हराळीचे अन् कुंद्याचे वेल शाफ्टला गुंडाळले की मग विचारू नका. मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडा, फुटला तर मशीन घाला, थापटीसारखा चिकटला तर घरी जा. अन् मागचा जो खोलीचा दांडा असतो तो पहिल्याच फेरीत पुरा खाली नको. आधी उथळ, मग दुसऱ्या फेरीत खोल. शाफ्टला गुंडाळलेलं गवत दर थोड्या वेळानं इंजिन बंद करून विळ्यानं कापून काढा, चालू इंजिनावर कोणी पायानं ढकलताना दिसला तर त्याला त्या दिवशी घरी पाठवा.

दुसरा उतरला अन् तिसऱ्याची एकच बाजू झिजली, ही दोन्ही लक्षणं एकाच रोगाची, पुल्या एका ओळीत नाहीत. बेल्ट बदलताना इंजिनाचे बोल्ट सैल केले असतील अन् इंजिन पुन्हा बसवताना जरासं तिरपं बसलं. सुतळी घ्या, वरच्या पुलीच्या तोंडावरून खालच्या पुलीच्या तोंडावर ताणून धरा. वरच्या पुलीला दोन जागी अन् खालच्या पुलीला दोन जागी, अशी चारही जागी सुतळी टेकली पाहिजे. एका जागी फट दिसली की इंजिन तेवढं सरकवा किंवा पुलीला शाफ्टवर आवळून धरणारा छोटा ग्रब स्क्रू सैल करून पुली सरकवा. दोन्ही पुल्यांची कड सारख्या जाडीची नसेल तर मात्र सुतळी फसवते, तेव्हा खाचेच्या मधोमध पाहून जुळवायचं.

अन् आयडलर हातानं फिरवून पाहा. तो घरघर करते का, डुगडुगते का? त्याच्या आत ६२०२ सारखं साधं बेअरिंग असते, नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो, तो दाखवला की कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. खराब बेअरिंगचा आयडलर तिरपा होते अन् बेल्टला बाजूला ढकलते, तुम्ही बेल्ट बदलत राहता अन् खरा चोर तिथंच बसलेला. पुलीची खाचही बोटानं पाहा. हा बेल्ट खाचेच्या भिंतींवर पकड घेतो, तळावर नाही. खाचेचा तळ चकचकीत दिसला म्हणजे बेल्ट खाली टेकून राहिला, म्हणजे एक तर पुली झिजली नाहीतर बेल्ट बारीक पडला. नवीन बेल्ट पुलीच्या कडेच्या जवळपास बरोबरीनं दिसला पाहिजे, आत बुडालेला नाही.

अन् एक, माणसाला विचारा की बेल्ट चढवताना पेचकस घालून उचकटला होता का. तसं केलं की आतले दोर तिथंच तुटतात, बाहेरून काही दिसत नाही अन् आठवड्यात बेल्ट पलटी खाते. इंजिनाचे चार बोल्ट सैल करायचे, इंजिन पुढे सरकवायचं, बेल्ट हातानं बसवायचा. दोन खाचांच्या पुलीवर दोन बेल्ट जोडीनं चालत असतील तर दोन्ही संगंच बदलायचे, एक नवा अन् एक जुना ठेवला की सगळा भार नव्यावर येते, एक बैल ओढते अन् दुसरा नुसता चालते तसं.

प्रश्न: जुन्या बेल्टवरचा नंबर पुसला गेला. चक्कीच्या मोटरचा बेल्ट होता तो बसवला, बसला पण झटका मारते. दुकानात काय सांगू? (ता. मूर्तिजापूर)

उत्तर: नंबर म्हणजे एक अक्षर अन् एक आकडा. अक्षर रुंदीचं. ए बेल्ट वरच्या बाजूनं १३ मिलिमीटर रुंद अन् ८ जाड, बी बेल्ट १७ रुंद अन् ११ जाड. पट्टीनं मोजा, झिजलेला असेल तर एखादा मिलिमीटर कमी भरेल. आकडा म्हणजे आतल्या घेराचे इंच, ए-३८ म्हणजे आतून ३८ इंच. घरी मोजताना सगळे बाहेरून टेप फिरवतात अन् तिथंच फसतात, ए बेल्ट बाहेरून मोजला तर सुमारे दोन इंच जास्त भरते, बी जवळपास तीन. म्हणजे ए बेल्ट बाहेरून ४० भरला तर ३८ मागा. बेल्ट तुटून हरवलाच असेल तर इंजिन त्याच्या सरकायच्या जागेच्या मधोमध ठेवा, लिव्हर सोडलेली, अन् सुतळी पुल्यांच्या खाचेतून फिरवून मोजा, जवळचा नंबर मिळेल. दुकानात जाताना जुना बेल्ट कसाही असो, घेऊनच जा.

अन् चक्कीचा बेल्ट. लांबी-रुंदी जमली म्हणून काम एक होत नाही. चक्कीवर बेल्ट एकदा ताणला की दिवसभर तसाच. तुमच्या वीडरवर तो क्लच आहे, तासाला कितीदा तरी सैल होते, घसरते, मग धरते. त्यासाठी वरून कापडाचं वेष्टण असलेला बेल्ट बरा, तो हळू धरते अन् पटकन सोडते. तुम्ही टाकलेला कदाचित कापलेल्या कडांचा, आतून खाचा असलेला असेल, त्याची रबराची कड उघडी असते, लहान पुलीवर पकड भारी पण धरते ते एकदम, तोच तुमचा झटका. वाईट बेल्ट नाही तो, त्याची जागा चक्कीवर आहे, तिथंच परत नेऊन द्या.

नवा टाकल्यावर पहिल्या तासाभरातच एकदा थांबून केबल पाहा, नवा बेल्ट खाचेत बसता बसता थोडा सैल पडतोच. लिव्हर दाबलेली असताना, इंजिन बंद, दोन पुल्यांच्या मधे अंगठ्यानं बेल्ट दाबला तर साधारण एक सेंटीमीटर दबायला पाहिजे. सतारीच्या तारेसारखा टणक नको. जास्त आवळला की बेल्ट टिकते असं वाटते, पण ती ओढ इंजिनाच्या शाफ्टच्या बेअरिंगवर अन् ऑईल सीलवर जाते, सील गळायला लागते, ते ऑईल बेल्टवर उडते, बेल्ट घसरते, माणूस आणखी आवळते. मी असं एक इंजिन पाहिलं आहे ज्याच्यात शेवटी बेल्ट सोडून सगळंच बदलावं लागलं.

प्रश्न: लिव्हर सोडली तरी मशीन हळूहळू पुढे सरकते. बायको म्हणते भूत शिरलं. (ता. उमरेड)

उत्तर: वहिनींना सांगा भूत आहे अन् ते दीड इंचाच्या पट्टीत बसलं आहे. पुलीभोवती बेल्टच्या जवळून वाकवलेली लोखंडी बोटं असतात, बेल्ट गाइड म्हणतात, तुम्ही लिव्हर सोडली की सैल बेल्ट त्यांना टेकून पुलीवरून उचलला जातो. ती वाकली किंवा कोणी काढून फेकली (अन् लोक फेकतात, "फालतू पत्रा" म्हणून) तर बेल्ट सैल होऊनही पुलीला चिकटून राहते अन् थोडं थोडं ओढत राहते. लिव्हर दाबलेली असताना गाइड अन् बेल्टमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट पाहिजे, फिरताना घासायला नको पण सैल झाल्यावर लगेच आधार मिळाला पाहिजे.

गाइड ठीक असेल तर केबल जास्त आवळली आहे, लिव्हरला सुरुवातीची थोडी मोकळी हालचाल राहिलीच पाहिजे. तेही ठीक असेल तर आयडलरला मागे ओढणारी स्प्रिंग पाहा, तुटून पडली असेल. बेल्ट एक नंबर लहान आला असेल तरी हेच होते. हे टाळू नका, कारण मशीन सुरू करताना तुम्ही दोरी ओढायला इंजिनाच्या बाजूला उभे असता अन् पाती तुमच्या पायाजवळ असतात.

प्रश्न: सर मी कॉलेज करून वांग्याची शेती पाहतो. रिव्हर्सची लिव्हर सतत दाबून धरावी लागते, हात भरून येतो. आमच्याकडे सगळे ट्यूबच्या रबरानं बांधतात. बांधली तर बेल्टला काही होते का? (ता. साकोली)

उत्तर: बेल्टला काही होत नाही. तुला होते.

तू बेल्टचं विचारलं म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो, मग माझी गोष्ट सांगतो, छापावी की नाही असं वाटत होतं पण छापतो. तेव्हा माझी मशीन नवी होती, अन् मी वीस-पंचवीस वर्षं इंजिनं खोललेला माणूस, मला कोण सांगणार. संत्र्याच्या बगिच्यात दर झाडाला मागे यावं लागायचं, तुझ्यासारखाच हात भरून यायचा, मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली अन् रिव्हर्सची लिव्हर हँडलला बांधली. थ्रॉटल कमी करून मागे येत होतो. टाच झाडाच्या आळ्याच्या कडेवर पडली अन् मी पाठीवर आडवा. हँडल हातातून सुटलं. रबर नसतं तर लिव्हर सुटली असती, बेल्ट सैल झाला असता, मशीन जागेवर थांबली असती. रबर होतं. ती तशीच माझ्याकडे येत राहिली, हळूच, पण येत राहिली. मी पाय ओढला, चप्पल राहिली. ती चप्पल पात्यांत गेली तेव्हाचा जो आवाज आला ना, तो मला अजून ऐकू येते. पायजम्याची एक बाजूही गेली. इंजिन बंद कसं झालं माहीत आहे का, हँडल मागच्या झाडाला टेकलं अन् चप्पलचा पट्टा शाफ्टला गुंडाळून लोड आला म्हणून. मी काही केलं नाही.

लिव्हर सोडली की रिव्हर्स सुटलाच पाहिजे, ती रचना मुद्दाम केलेली आहे, कारण पुढे जाताना पाती तुझ्यापासून दूर जात असतात अन् मागे येताना तुझ्याकडे. म्हणूनच रिव्हर्सचा वेगही कमी ठेवलेला असतो. कोणी मोठी पुली बसवून रिव्हर्स "फास्ट" करून देतो म्हणाला तर त्याला हात जोड.

हात भरून येते त्याचा इलाज मात्र आहे. केबल कोरडी किंवा गंजलेली असली की लिव्हर जड लागते, वरच्या पहिल्या उत्तरात सांगितलं तसं ऑईल सोड, केबल कुठं अचानक मुडपली असेल तर तिचा वळणाचा घेर मोठा कर. लिव्हरच्या खिळ्याला, आयडलरच्या आर्मच्या बोल्टला एकेक थेंब. एवढ्यानं पुष्कळ हलकी होते. अन् रिव्हर्समध्ये नांगरायचं नसतं, तो फक्त दोन पावलं मागे घ्यायला आहे. वांग्याच्या ओळींच्या टोकाला वळायला जागा सोड, एक ओळ कमी लाव, मग तुला एवढा रिव्हर्स लागणारच नाही. मागे यायच्या आधी थ्रॉटल कमी, पाती पूर्ण थांबू दे, मग रिव्हर्स. पुढे फिरत असतानाच मागची लिव्हर दाबली की दोन बेल्ट एकमेकांशी कुस्ती खेळतात, त्यात तिसरा कोणी, म्हणजे पुलीची चाबी, मरते. अन् पायात बूट घाल रे बाबा.

प्रश्न: काम संपलं की मशीन मांडवात ताडपत्रीखाली ठेवतो. उन्हाळ्यानंतर काढली की बेल्टला एकाच जागी बाक आलेला असते अन् चिरा पडलेल्या असतात. काढून ठेवावा काय? (ता. हिंगणघाट)

उत्तर: काढून ठेवला तर उत्तमच. नाही काढला तरी निदान कुठलीही लिव्हर दाबलेली, अडकवलेली नको, बेल्ट सैल पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते, टिनाच्या शेडखाली तर भट्टीच, रबराला ते सोसत नाही, कडक होते अन् मग पुलीच्या वळणावर चिरा पडतात. घरात, सावलीत, पाणी तापवायच्या बंबापासून अन् बॅटरीपासून दूर. नवा घ्यायचा तर तो पावसाळ्याच्या तोंडावर घ्या, अन् दुकानदाराच्या काचेत उन्हात टांगून ठेवलेला नका घेऊ, तो तिथंच अर्धा म्हातारा झालेला असते.

आमच्या घरी बैल होते तेव्हा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचे खांदे शेकायचे, हळद अन् तूप लावायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं. बैल गेले. आता मी त्याच संध्याकाळी मशिनीचं कव्हर काढतो, बेल्ट पाहतो, आयडलर फिरवून पाहतो, केबलला तेल देतो, म्हणजे हंगामाच्या मधोमध एकदा तरी तपासणी होते. नातू हसते. हसू दे.

काढलेला बेल्ट खिळ्याला नका टांगू, बाक तिथूनच येते. ताटलीएवढ्या गोल वस्तूवर, जुन्या सायकलची रिम चालते, तिच्यावर सैल लटकवा, किंवा नुसता गोल पसरून फळीवर ठेवा. अन् उंदराच्या वाटेत नको. मागच्या वर्षी माझा ठेवला होता धान्याच्या कोठीच्या मागे, जूनमध्ये काढला तर निम्माच होता.